कॉल पुढं पाठवायचा की परत आणायचा?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आयव्हीआरबद्दल, म्हणजे फोनवर ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणणाऱ्या सिस्टमबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की या वेळची सगळी जागा त्यालाच देतोय. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्राहकानं नंबर लावला की त्याला काय ऐकू येणार, कुठलं बटण दाबल्यावर काय होणार, शेवटी तो कुणाकडं जाणार, हे सगळं सिस्टममध्ये आधीच मांडून ठेवलेलं असतं, त्या मांडणीला फ्लो म्हणतात. धंदा लहान असला तर एक फ्लो पुरतो, शाखा वाढल्या, खाती वाढली की दोनाचे पाच होतात आणि मग प्रश्न पडतो की या फ्लोमधला कॉल त्या फ्लोत न्यायचा कसा. आलेल्या पत्रांतली पाच निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांची अडचण पण बऱ्यापैकी तिथंच आहे.

प्रश्न: काका, नमस्कार. मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं बघतो. हेड ऑफिस बेळगावात, शाखा खानापूर, निपाणी आणि पलीकडं चंदगड, गडहिंग्लजला. गेल्या वर्षी क्लाउडवरचं कॉल सेंटर घेतलं. मेन फ्लो भाषा विचारतो, खातं नंबर घेतो, मग कुठली शाखा ते विचारून त्या शाखेच्या फ्लोकडं कॉल पाठवतो. बसवून देणाऱ्यानं प्रत्येक शाखेच्या फ्लोला एकेक फोन नंबर दिलाय आणि मेन फ्लो तो नंबर डायल करतोय. चालतंय, खरं तीन तक्रारी हायत. शाखेच्या फ्लोत परत भाषा आणि खातं नंबर विचारतंय. शाखेतल्या पोरींना ग्राहकाचा नंबर दिसत नाही, आमचाच मेन नंबर दिसतोय. आणि सोमवारी सकाळी लाइन बिझी लागतीय म्हणून लोक ओरडायलेत. सिस्टममध्ये ट्रान्सफर टू फ्लो असा एक ब्लॉक दिसतोय, मॉड्यूल म्हणून एक हाय, ट्रान्सफर टू क्यू पण हाय. कुठला घ्यायचा?
(खानापूर तालुक्यातला एक वाचक)

उत्तर: तिन्ही तक्रारी एकाच कारणानं येतायत, आणि ते कारण म्हणजे तो डायल केलेला नंबर. नंबर डायल केला की कॉल तुमच्या सिस्टममधून बाहेर पडतो आणि दुसऱ्या दारानं परत आत येतो, आणि आत येताना तो कोण, मघाशी त्यानं काय सांगितलं, कुठली भाषा निवडली, यातलं काहीच त्याच्याबरोबर येत नाही. शाखेच्या फ्लोला वाटतं नवीन माणूस आलाय, म्हणून तो बिचारा पहिल्यापासून सगळं विचारतो. नंबराचं पण तेच. बाहेर जाणाऱ्या कॉलवर आपल्याकडं ऑपरेटर साधारण आपला स्वतःचा नंबरच दाखवू देतात, दुसऱ्याचा नंबर लावून कॉल करू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कुणीही कुणाच्या नावानं फोन करेल. म्हणून पोरींना मेन नंबर दिसतो.

आता बिझी लाइनचं बघा. सिस्टम क्लाउडवर असलं तरी लाइन कुठल्यातरी ऑपरेटरकडून घेतलेली असते आणि तिला एका वेळी किती कॉल याची मर्यादा असते. समजा ३० आहे, जुन्या पीआरआय लाइनला ३०च चॅनल, म्हणजे एका वेळच्या कॉलच्या जागा, असायचे, अजून बऱ्याच जणांकडं तेवढेच असतात. ग्राहकाचा येणारा कॉल एक चॅनल खातो, मेन फ्लोनं शाखेचा नंबर डायल केला की बाहेर जाणारा दुसरा, आणि तो नंबर त्याच लाइनवर परत आत येत असेल तर तिसरा. म्हणजे तीस लोकांसाठी घेतलेल्या लाइनवर दहाच लोक बोलू शकतात. सोमवारी सकाळी काय होणार मग. वर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाचं बिल पण येत असणार, ते एकदा काढून बघा आणि मॅनेजरसाहेबांना दाखवा, पुढचं काम करायला परवानगी लगेच मिळेल.

त्यामुळं पहिला बदल हाच, एकाच सिस्टममधल्या दोन फ्लोंमध्ये नंबर आणायचाच नाही, ट्रान्सफर टू फ्लो वापरायचं. कॉल तोच राहतो, फक्त पुढं काय करायचं ते दुसऱ्या फ्लोकडून ठरतं. ग्राहकाचा नंबर तोच, रेकॉर्डिंग तेच, रिपोर्टमध्ये पण एकच कॉल दिसतो. आता तुमच्या रिपोर्टमध्ये एक माणूस दोनदा मोजला जात असणार, एकदा मेनला आणि एकदा शाखेला, म्हणजे साहेबांना दाखवायला जे आकडे जातात ते पण चुकीचे जातायत.

खरं एवढ्यानं काम होत नाही, आणि इथंच बरेच जण फसतात. ट्रान्सफर टू फ्लो केलं म्हणून सगळी माहिती आपोआप पुढं जाते असं नाही. फ्लोत आपण जी माहिती साठवतो ती दोन प्रकारची असते, एक त्या फ्लोपुरती आणि एक त्या कॉलला चिकटलेली. अ‍ॅमेझॉन कनेक्ट या कॉल सेंटरच्या सिस्टममध्ये फ्लो अ‍ॅट्रिब्यूट म्हणून ठेवलेलं त्या फ्लोबरोबर संपतं आणि युजर डिफाइन्ड अ‍ॅट्रिब्यूट म्हणून ठेवलेलं कॉलबरोबर शेवटपर्यंत जातं. जेनेसिस क्लाउड या तसल्याच दुसऱ्या सिस्टममध्ये फ्लोचे व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायच्या नावं दिलेल्या जागा, तिथंच राहतात, पुढं न्यायचं असेल तर पार्टिसिपंट डेटात टाकावं लागतं. नावं वेगळी, गोष्ट तीच. म्हणून भाषा, खातं नंबर, शाखा, ग्राहकाची ओळख पटली की नाही, आणि तो कशासाठी फोन करतोय, एवढ्या पाच गोष्टी कॉलला चिकटवा आणि शाखेच्या फ्लोच्या पहिल्याच पायरीला बघा की भाषा आधीच आहे का. असेल तर विचारू नका, नसेल तरच विचारा, कारण एखादा ग्राहक शाखेचा नंबर थेट लावून पण येतो, त्याला विचारायलाच लागणार.

भाषेचं मी एवढं का धरून बसलोय ते सांगतो. आपल्या भागात एका नंबरवर कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी चारी भाषांचे लोक येतात. मागं एका संस्थेत रेकॉर्डिंग ऐकत बसलो होतो, जांबोटीच्या बाजूची एक बाई, सोनेतारणाची नोटीस आली म्हणून घाबरून फोन केलेला. मराठीसाठी दोन दाबलं, खातं नंबर दाबला, तिच्या फोनच्या बटणांचा टूक टूक आवाज येतोय, एकेक आकडा सावकाश. मग कॉल पुढं गेला आणि तिथं कन्नडमध्ये सुरू झालं, तिनं परत भाषा निवडली, परत खातं नंबर. मग फोन घेणारी मुलगी, म्हणजे एजंट आली, तिनं पण पहिलं वाक्य काय म्हटलं तर खातं नंबर सांगा. बाई म्हणाली, दोनदा दाबलंय की ओ बाई, आता परत काय. आणि थोडं थांबून फोन ठेवला. नोटिशीचं काय करायचं हे तिला त्या दिवशी कळलंच नाही. त्यानंतर मी कुठलाही फ्लो बघायला बसलो की पहिलं हेच बघतो, माणसानं एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लागतंय का.

आता मॉड्यूल. मॉड्यूल आणि ट्रान्सफर यांच्यातला फरक एकाच प्रश्नानं कळतो, कॉल परत यायचाय का? ट्रान्सफर टू फ्लो म्हणजे गेला तो गेला, पहिल्या फ्लोचं काम संपलं, ट्रान्सफरच्या पुढं तुम्ही काहीही मांडून ठेवलं तरी ते चालणार नाही. मॉड्यूल म्हणजे जाऊन काम करून परत जिथून गेला तिथंच येतो. खातं नंबर घेणं, तो बरोबर आहे का तपासणं, भाषा विचारणं, ही कामं प्रत्येक शाखेला लागतात आणि झाल्यावर परत यायचं असतं, म्हणून ती मॉड्यूलमध्ये घाला. एकदा लिहिलं की सगळ्या शाखांच्या फ्लोत तेच वापरता येतं, उद्या खातं नंबराचे आकडे बदलले तर एका जागी बदलायचं. बसवून देणारे लोक घाईत काय करतात, तोच तुकडा पाच फ्लोंमध्ये कॉपी करतात, मग वर्षभरानं चारात बदल होतो आणि पाचवा तसाच राहतो, नेमका तो पाचवा कुठला हे शोधायला दोन दिवस जातात.

शाखेचं काम मात्र मॉड्यूलमध्ये घालू नका, ते वेगळ्या फ्लोतच असू दे. कारण साधं आहे, शाखेचे नियम वेगळे. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी, निपाणी खानापूर बंद, पण महाराष्ट्रातलं चंदगड आणि गडहिंग्लज चालू. मेन फ्लोत एकच वेळापत्रक ठेवलं तर त्या दिवशी चंदगडच्या ग्राहकाला पण आज सुट्टी आहे असं ऐकू येणार. वेळ आणि सुट्टी ज्या त्या शाखेच्या फ्लोत तपासा आणि बंद असेल तर निरोप ठेवायची किंवा हेड ऑफिसकडं जायची सोय पण तिथंच द्या. शाखेतला माणूस आपल्यापुरता फ्लो बदलू शकतो, मेनला हात लावायची गरज पडत नाही, हा पण एक मोठा फायदा.

ट्रान्सफर टू क्यू ही शेवटची पायरी. बटणांचं काम संपलं, आता माणूसच पाहिजे, तेव्हा कॉल रांगेत टाकायचा. रांगेत टाकायच्या आधी सगळं विचारून झालेलं पाहिजे, आणि एजंटच्या स्क्रीनवर भाषा, खातं नंबर, कारण दिसेल असं लावून घ्या, नाहीतर आपण माहिती पुढं नेली आणि एजंटनं परत विचारलं तर ग्राहकाला त्यात काय फरक.

मग नंबर डायल करायचा कधी? जेव्हा माणूस खरंच तुमच्या सिस्टमच्या बाहेर आहे तेव्हाच. चंदगडला समजा साधा लँडलाइन असेल आणि तिथं कुणी लॉगिन करत नसेल तर दुसरा इलाज नाही. तिथं ऑपरेटरला एवढं विचारा की तुमची लाइन रेफर घेते का. इंटरनेटवरून कॉल जोडायची जी एसआयपी पद्धत आहे, तिच्यात रेफर म्हणून सोय आहे, २००३ पासूनचं स्टँडर्ड, त्यात तुमची सिस्टम समोरच्याला सांगते की तू थेट तिकडं जोड आणि स्वतः मधून बाजूला होते, तुमचे चॅनल मोकळे. पण मग तो कॉल तुमच्या हातात राहत नाही, रेकॉर्डिंग थांबतं, शेवटी समाधानी आहात का विचारता येत नाही. आणि सगळे ऑपरेटर रेफर घेत नाहीत. म्हणून विचारल्याशिवाय त्यावर काही बांधू नका.

एका झटक्यात सगळ्या शाखा बदलू नका. आधी चंदगड नाहीतर जिथं कॉल कमी तिथं करा, दुपारी तीननंतर, स्वतःच्या मोबाइलवरून चारी भाषांत फोन लावून बघा. आणि शाखेचा फ्लो नुसता सेव्ह करून थांबू नका, पब्लिश करा, कारण ट्रान्सफर झालेला कॉल पब्लिश झालेल्या फ्लोवरच चालतो, सेव्ह केलेला बदल तुम्हाला स्क्रीनवर दिसतो आणि ग्राहकाला मात्र जुनंच ऐकू येतं.

प्रश्न: दादा, मी निपाणीला फ्रिज, वॉशिंग मशीनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुपरवायझर आहे, हाताखाली नऊ मुली. तक्रार घेणारी मुलगी कॉल स्पेअर पार्टवाल्याकडं देते तेव्हा ग्राहक तिथल्या रांगेत एकदम शेवटी जातो, आधी दहा मिनिटं थांबलेला माणूस परत दहा मिनिटं थांबतो आणि आमच्यावर भडकतो. काही मुली थेट त्या माणसाच्या एक्स्टेन्शनला देतात, तर तो जागेवर नसतो. काय नियम लावू?
(निपाणी)

उत्तर: ताई, एक्स्टेन्शनला थेट देणं आधी बंद करा. माणूस जेवायला जातो, चहाला जातो, रजेवर असतो, फोन वाजून वाजून कट होतो आणि रिपोर्टमध्ये ग्राहकानं फोन ठेवला असं येतं. नेहमी खात्याच्या रांगेलाच द्यायचं, जो मोकळा असेल तो घेईल.

रांगेत शेवटी जाण्याचं कारण असं, की दुसऱ्या रांगेत कॉल गेला की त्याची वेळ तिथं शून्यापासून मोजली जाते. ट्रान्सफर होऊन आलेल्या कॉलला प्रायॉरिटी जास्त द्या, मधल्या फ्लोत एक पायरी वाढवली की होतं. फक्त एक सांभाळा, प्रायॉरिटीचा आकडा प्रत्येक सिस्टममध्ये सारखा चालत नाही. अ‍ॅमेझॉन कनेक्टमध्ये लहान आकडा म्हणजे वर, काही न सांगता कॉल ५ वर असतो आणि १ सगळ्यात वर. जेनेसिस क्लाउडमध्ये उलटं, मोठा आकडा म्हणजे वर, आणि तिथं एक प्रायॉरिटी म्हणजे एक मिनिट आधीपासून थांबल्यासारखं धरतात. तुमचा ग्राहक दहा मिनिटं थांबून आला असेल तर १० द्या, हिशेब सोपा आहे. सिस्टम बदलताना हे जुनेच आकडे तसेच ठेवले की नेमकी आधी थांबलेली माणसं मागं जातात.

आणि मुलींना आंधळं ट्रान्सफर करायचं की आधी बोलून द्यायचं हे पण शिकवा. साधा कॉल असेल, पार्टचा रेट विचारायचाय, तर नुसतं रांगेत टाकलेलं चालतं. खरं माणूस तिसऱ्यांदा फोन करतोय, चिडलाय, म्हातारं माणूस आहे, तर त्याला होल्डवर ठेवून पुढच्या मुलीला दोन वाक्यांत सांगायचं की यांचा कंप्रेसर दोनदा बदललाय, आता तिसऱ्यांदा बंद पडलाय, आणि मगच जोडायचं. यात तुमच्या मुलीचं अर्धं मिनिट जातं. ते अर्धं मिनिट तिच्या नावावर उशीर म्हणून धरू नका, नाहीतर ती उद्यापासून सांगायचं बंद करेल.

प्रश्न: काका, भाषा विचारण्यापेक्षा ग्राहकाच्या मोबाइल नंबरवरून ओळखून थेट त्या भाषेच्या फ्लोत पाठवलं तर? महाराष्ट्राचा नंबर असेल तर मराठी, कर्नाटकचा असेल तर कन्नड.
(चिकोडी)

उत्तर: असं करू नका, आपल्या भागात तर बिलकुल नको. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो. म्हणजे नंबरवरून माणूस आज कुठं राहतो ते कळत नाही. आणि कळलं तरी भाषा कुठं कळते? बेळगावच्या वडगाव शहापुरात किती घरं अशी आहेत की नंबर कर्नाटकचा आणि घरात मराठी, आणि चंदगडच्या बाजारात कितीजणांकडं बेळगावात घेतलेलं सिम असतं. नंबर बघून एखाद्याची भाषा ठरवली आणि चुकली तर त्याला ते मनाला लागतं, आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

त्यापेक्षा पहिल्या वेळी विचारा आणि त्यानं जे निवडलं ते त्याच्या नंबरापुढं लिहून ठेवा. पुढच्या वेळी फोन आला की त्याच भाषेत सुरू करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की भाषा बदलायला शून्य दाबा. घरातला फोन सुनेनं लावला नि गेल्या वेळी सासऱ्यानं लावलेला होता, असं होतंच, म्हणून ते शून्य पाहिजेच.

प्रश्न: मी एका क्लिनिकच्या बुकिंगला फोन घेते. पेशंटकडून आगाऊ पैसे घ्यायचे असतात, काहीजण फोनवरच कार्ड नंबर आणि मागचे तीन आकडे सांगायला लागतात. मॅडम म्हणतात लिहून घे. मला भीती वाटते. यात फ्लोचा काही उपयोग होतो का?
(बेळगाव, टिळकवाडी)

उत्तर: तुला भीती वाटते ते योग्यच आहे. कार्डामागचे ते तीन आकडे पैसे कापून झाल्यावर कुठंही साठवायचे नाहीत, असा कार्ड पेमेंटचा नियमच आहे, वहीत लिहिलेले पण नकोत आणि कॉल रेकॉर्डिंगमध्ये आलेले पण नकोत. मॅडमना हे शांतपणे सांग, लिहून घेतलेली वही उद्या कुणाच्या हाताला लागली तर नाव तुझं येणार.

फ्लोचा उपयोग होतो, आणि हा जाऊन परत यायचा सगळ्यात चांगला नमुना आहे. बोलता बोलता तू पेशंटला पेमेंटच्या वेगळ्या सुरक्षित फ्लोत पाठवायचं, तिथं रेकॉर्डिंग बंद असतं, आकडे तो स्वतः बटणांवर दाबतो, तुला ऐकू येत नाहीत आणि दिसत पण नाहीत, आणि काम झालं की कॉल तुझ्याकडंच परत येतो. परत येताना बरोबर फक्त एवढंच यायला पाहिजे, पैसे मिळाले की नाही, आणि पावती नंबर. कार्ड नंबर अजिबात कॉलला चिकटवू नये. वर पतसंस्थेच्या उत्तरात मी म्हटलं की माहिती पुढं न्या, ती सगळी माहिती नव्हे, हा फरक इथं लक्षात घ्यायचा. सगळ्या सिस्टममध्ये ही सोय नसते. तुमच्यात नसेल तर सरळ मोबाइलवर पेमेंटची लिंक पाठव, ते लाख पटीनं बरं.

प्रश्न: नमस्कार. उद्यमबागला आमचा पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना. पैसे कमी म्हणून मीच अ‍ॅस्टेरिस्क हे फुकटचं फोन सिस्टमचं सॉफ्टवेअर बसवलंय, दीड वर्ष झालं, चांगलं चाललंय. सेल्सच्या मेनूतून सर्व्हिसच्या मेनूत जायला गोटू वापरतोय. अलीकडं रात्रीचे कॉल वॉचमनच्या मोबाइलवर जायला लोकल चॅनल लावला आणि तेव्हापासून ग्राहकानं निवडलेली भाषा पुढं जात नाही, इंग्रजीतच बोलतंय. आणखी एक, परवा एक ग्राहक सेल्समधून सर्व्हिसला, सर्व्हिसमधून सेल्सला असा फिरतच राहिला.
(बेळगाव, उद्यमबाग)

उत्तर: स्वतः बसवून दीड वर्ष चालवलंत, शाबास. गोटू म्हणजे गेला तो गेला आणि गोसब म्हणजे काम करून रिटर्नला परत येणारा, वरचा ट्रान्सफर आणि मॉड्यूलचा फरकच इथं आहे. भाषा विचारणं, ग्राहक कोड तपासणं हे गोसबमध्ये घ्या. नेटवरच्या जुन्या उदाहरणांत गोसबसारखंच काम करणारा मॅक्रो दिसेल, तो घेऊ नका, अ‍ॅस्टेरिस्क २१ मध्ये तो काढूनच टाकलाय.

गोटू केलं तेव्हा भाषा टिकत होती कारण चॅनल, म्हणजे सिस्टमच्या आतला कॉलचा एक दुवा, तोच होता. लोकल चॅनल लावला की नवीन चॅनल तयार होतो आणि साधे व्हेरिएबल त्यावर जात नाहीत. त्याला उपाय एवढाच, व्हेरिएबल सेट करताना नावाच्या आधी अंडरस्कोअर द्यायचा. एक अंडरस्कोअर दिला तर पुढच्या एकाच चॅनलपर्यंत जातो, दोन दिले तर त्याच्या पुढं जितके चॅनल होतील तितक्या सगळ्यांवर जातो. तुम्ही दोन द्या. मात्र वाचताना नाव अंडरस्कोअरशिवाय लिहायचं, इथं बरेच जण अडकतात, वाचताना पण अंडरस्कोअर घालतात आणि मग रिकामं येतं. पुढं गेल्यावर ते व्हेरिएबल वाचून चॅनलची लँग्वेज परत सेट करा, म्हणजे मराठीच्या फोल्डरमधल्या आवाजाच्या फाइल वाजतील. फाइलचं नाव मराठीच्या फोल्डरमध्ये नसेल तर तेवढं वाक्य इंग्रजीत येतं, त्यामुळं मधलंच एखादं वाक्य इंग्रजी आलं तर कोड न बघता आधी फोल्डर बघा.

फिरत राहण्याचं तर पक्कं बंद करायला पाहिजे. नेटवर्कच्या पातळीवर कॉल गोल फिरू नये म्हणून एसआयपीत मॅक्स फॉरवर्ड्स असतो, साधारण ७० पासून सुरू होतो आणि प्रत्येक ठिकाणी एकानं कमी होतो. मेनूतून मेनूत गोटू करताना मात्र तसं काही नसतं, कितीही वेळा फिरेल. तेव्हा स्वतःच एक मोजणी ठेवा, सुरुवातीला शून्य, प्रत्येक मेनू बदलताना एक वाढवायचा, तीन झाले की मेनू बंद आणि कॉल सरळ माणसाकडं. तो ग्राहक परवा का फिरला ते पण शोधा, बहुतेक सेल्सच्या मेनूत कारखान्याचा पार्ट म्हणून तीन दाबल्यावर सर्व्हिस आणि सर्व्हिसच्या मेनूत पण तीनलाच परत सेल्स असं काहीतरी असणार, आणि म्हातारी माणसं ऐकण्याआधीच सवयीनं तेच बटण दाबतात. दोन्ही मेनूत त्या बटणाचं काम बदला. आज रात्री पाळी संपल्यावर स्वतःच्या मोबाइलवरून मराठी निवडून वॉचमनच्या फोनपर्यंत जाऊन बघा, नाही जमलं तर डायलप्लॅनचा, म्हणजे कॉल कुठं जायचा ते लिहिलेल्या फाइलचा, तेवढा तुकडा मेल करा, पासवर्ड असतील ते काढून, पुढच्या अंकात मिळून बघू.